येते म्हणून गेली

मैना म्हणजे फोन. जावयाचा जुना, एका कोपऱ्यात काच तडकलेला. पण जावयाने त्यात एक सोय घालून दिली होती. बटण दाबून मराठीत बोललं की फोन तेच इथल्या भाषेत बोलून दाखवी, आणि समोरच्याचं बोलणं मराठीत आणून देई. शिकवलेलं बोलते म्हणून मावशीने तिचं नाव मैना ठेवलं, आणि घरात तेच रुळलं.

मावशी तशी कुणाची सख्खी मावशी नव्हे. आपल्याकडे दवाखान्यात वीस वर्षं आयाचं काम केलं, तिथे सगळा वॉर्ड मावशी म्हणायचा, म्हणून मावशी. लेक-जावयाच्या पाठोपाठ इकडे आली. रिकामं बसायची सवय नाही, त्यामुळे महिन्याच्या आत काम धरलं: बसने थोडं जाऊन एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या एका आजीबाईंना सकाळी आठ ते संध्याकाळी सहा सांभाळायचं. आजीबाईंचे गुडघे गेलेले, कान शाबूत, आठवण चाळणीत ओतलेल्या पाण्यासारखी.

दोघींचं जमलं. आजीबाई बोलत, मैना सांगे, मावशी करी. मैनेची एक खोड होती. बाई बोलली तरी तिच्याकडून निघायचा पुरुषच. "मी अंघोळ करणार नाही, मी काल न्हालो," आजीबाई मैनेच्या तोंडून म्हणत, आणि मावशी पदराआड हसे.

"आजीबाईंना मिशा फुटतील एक दिवस," जावई म्हणायचा.

"फुटू देत. त्याही विंचरून देईन," मावशी म्हणे.

संध्याकाळी सहाला मावशी चप्पल पायात सरकवी, फोन तोंडाशी धरी आणि म्हणे, "येते हं." मैना बोले. आजीबाई मान हलवून काहीतरी म्हणत. मैना सांगे, "ये."

पहिल्या दिवशी मावशी जिन्यात थांबलीच. घरी येऊन लेकीला म्हणाली, "अगं, माणसं इथूनतिथून सारखीच बघ. इथेही निघालेल्याला 'ये' म्हणतात." लेक गोदामातून दमून आली होती, ती हूं म्हणाली आणि पाय चोळत बसली. पाच आठवडे हे असंच चाललं. येते. ये. मावशीला त्या दोन शब्दांनी परक्या मुलखात घरचा उंबरा मिळाल्यासारखं झालं होतं.

सहाव्या आठवड्यात, सोमवारी, आजीबाईंची मुलगी दिवसाउजेडी घरी आली. एरवी ती नोकरीवरून साडेसातला आईला बघायला यायची, तेव्हा मावशी गेलेली असायची. बाई वाईट नव्हती. तिने खुर्ची ओढून मावशीला बसवलं आणि मगच बोलायला लागली. मैनेने तिचं बोलणं एकेक करून आणलं.

"तू माझ्या आईला खोटं का सांगतेस?"

मावशीने फोनकडेच पाहिलं, मैना चुकली असेल म्हणून. मुलगी बोलतच होती.

"मी रोज येतो तेव्हा दार उघडं असतं. आई खुर्ची घेऊन दारात बसलेली असते. टेबलावर दोन ताटल्या. अन्न गार. ती जेवत नाही. म्हणते, ती येते म्हणाली. मला आधी वाटलं, आईला भास होतो. आता तिला खोकला झाला आहे."

"मी असं कधी म्हटलं?" मावशी म्हणाली. "देवाशपथ नाही."

मुलीने फोन हातात घेतला आणि बोटाने वर वर सारत गेली. मैनेने सगळं जपून ठेवलं होतं, मावशीला ते ठाऊकही नव्हतं. मुलीने एकेका ओळीवर बोट ठेवून इथल्या भाषेत वाचलं, आणि मैनेने ते इमानाने मराठीत केलं.

"मी परत येत आहे. मी परत येत आहे. मी परत येत आहे."

आता कुठे मावशीच्या डोक्यात उजेड पडला. ती घाईने म्हणाली, "अहो, येते म्हणजे जाते!"

मैना बोलली. मुलीच्या कपाळावर आठी पडली. मग हळू, समजूतदारपणे काहीतरी म्हणाली.

"येणे म्हणजे पीठ दळण्याचा दगड, हे मला समजले नाही."

जाते म्हटलं तर मैनेने दळायचं जातं करून ठेवलं होतं. मावशीने पुन्हा सांगून पाहिलं, हळू, एकेक शब्द सुटा करून. आमच्यात निघताना तसं म्हणत नाहीत, असं म्हणतात. पण मैनेच्या चोचीत गेलेलं वाक्य भलतंच होऊन बाहेर पडत होतं, आणि मुलीच्या कपाळावरची आठी जात नव्हती. शेवटी ती उठली.

"मी शुक्रवारपर्यंत बघतो. नाहीतर दुसरी बाई ठेवीन. आई तुला मानते, म्हणून शुक्रवार."

घरी लेकीने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "आई, मग 'उद्या येते' म्हण ना. त्यात काय एवढं?"

मंगळवारी मावशी "उद्या सकाळी आठला येते" म्हणाली. आजीबाईंनी मान हलवली. "ये." त्याच संध्याकाळी साडेसातला मुलीने फोटो पाठवला: उघडं दार, दारात खुर्ची, खुर्चीत शाल पांघरलेल्या आजीबाई. त्यांच्या चाळणीतून 'उद्या' गळून गेलं होतं, आणि 'येते' तेवढं अडकलं होतं. बुधवारीही तेच झालं. गुरुवारी मावशी काहीच न बोलता निघाली. त्या दिवशी तर आजीबाई काठी टेकत जिन्यापर्यंत आल्या, ही गेली कुठे म्हणून. वरच्या मजल्यावरच्या माणसाने हात धरून त्यांना घरात नेलं.

"आता एकच राहिलं," जावई म्हणाला. "आई, सरळ 'मी घरी जाते' म्हणा. घरी म्हटलं की मैना दगड करणार नाही. मी करून बघितलं."

"ते मी म्हणणार नाही."

"अहो, शब्द आहे साधा."

"तुम्हाला साधा. वीस वर्षं खाटांमधून फिरले, एकदाही जिभेवर येऊ दिला नाही. आजारी माणसाच्या उशाशी उभं राहून जाते म्हणायचं नाही. आपण म्हणतो आपल्यासाठी, आणि तो शब्द दुसऱ्याच कुणाच्या पायात जाऊन बसतो."

"मग काम जाईल," लेक म्हणाली.

"काम गेलं तर दुसरं मिळेल. ती बया मात्र दुसरीच्या हातून जेवेल का, ते सांग." मावशी भाजीचं पातेलं घासायला लागली. घासलेलंच पुन्हा घासलं. मग पाण्याचा नळ बंद करून म्हणाली, "मैनेवर मराठीत लिहिता येतं ना?"

"येतं की," जावई म्हणाला.

"मग दाखवा. जीभ माझी आहे. बोटाचं काय, बोटाने वीस वर्षं भांडी धुतली, लोकांची ढुंगणं धुतली. त्याला काही विटाळ नाही."

लेक हसायला लागली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. जावयाने अक्षरं कुठे आहेत ते दाखवलं. मावशीला 'ज'ला काना द्यायला सापडेना. 'मी घरी' जमलं, पण 'जाते'च्या दोन अक्षरांना तिला अर्धा तास लागला.

शुक्रवारी आजीबाईंचा खोकला उतरला होता. मावशीने त्यांना नखं कापून दिली, कपडे वाळत घातले, जेवण टेबलावर झाकून ठेवलं. सहा वाजता चप्पल घातली. आजीबाई काठी घेऊन मागोमाग आल्याच. मावशीने फोन तोंडाशी न धरता हातात खाली धरला, आणि मान वाकवून एकेक अक्षर शोधत लिहिलं. आजीबाई शांतपणे थांबल्या. त्यांना वाटलं असावं, ही घरी काही कळवते आहे.

मग मावशीने बटण दाबलं, आणि मैना इथल्या भाषेत बोलली.

आजीबाईंनी फोनकडे पाहिलं, मग मावशीकडे. चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं, ढगाची सावली अंगणावरून सरकावी तसं, आणि निघून गेलं. त्या म्हणाल्या ते मैनेने सांगितलं:

"बरं. दार ओढून घे."

ये नव्हतं त्यात. मावशीने दार ओढून घेतलं. आतून साखळी लागली. ती जिन्यात उभी राहिली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, पण दाराकडे नाही, आत, टेबलाकडे. झाकण उचलल्याचा आवाज आला. मग बराच वेळ चमचा वाजत राहिला, थांबून थांबून, म्हाताऱ्या माणसाचा वाजतो तसा.

या ऐकण्यात सहा दहाची बस चुकली. पुढची वीस मिनिटांनी येते, असं थांब्यावरचा आकडा सांगत होता. मावशी बाकावर बसली आणि वाट बघू लागली.