मला दोनच रंग येतात

मी पेडण्याच्या बाजारातली भाजी तपासणारी पेटी बोलतेय. माझा जन्म डिचोलीच्या एका प्रयोगशाळेतला. माझ्यासोबतच्या कुप्यांत सोन्याचे कण आहेत. मात्र इतके सूक्ष्म, की पाण्यात ते पिवळे नव्हे, तांबडे दिसतात. त्यात भाजीचे धुवण मिसळतात आणि कुपी माझ्या पोटात ठेवतात. मी तिच्यातून उजेड सोडते. कीटकनाशकाचा अंश असेल तर कण एकमेकांना चिकटतात आणि तांबडे पाणी निळे होते. मला एवढेच कळते. लोकांना वाटते, मला सगळे कळते. त्याचाच शीण अधिक.

चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीवर टांगतात त्या माटोळीच्या लाकडी चौकटीला बांधायला फळे-भाज्या घेण्यासाठी बाजार भरला होता. चंद्रावतीबाई वर्षभर याच विक्रीवर नजर ठेवून असते. तिची परसातली दोडकी हिरवीगार, स्वच्छ धुतलेली. मला चालवणाऱ्या प्रतीक्षाने त्यांतले एक तपासले.

निळे.

"गो चंद्रावती, देवाक विखारी दोडकी बांधूची?" एका गिऱ्हाइकाने पिशवीतली दोडकी परत पाटीत ओतली. मागची दोघेही वळली.

"मिया फवारो मारूक नाय," चंद्रावती एवढेच म्हणाली.

शेजारचा नारळवाला भिकाजी म्हणाला, "बाय, त्या पेटयेक माजी जीब दाखय. पान खाल्लंय, तांबडीच येतली. मगे मी शुद्ध."

प्रतीक्षा हसली नाही. दोडक्याच्या शिरांवर तिला पांढुरकी पूड दिसली. "मावशी, ही कशात धुतलीत?"

"मिठाच्या पाण्यात. फवारो नाय म्हणान अळयो धरतत. माटोळीतसून अळी देवाच्या माथ्यार पडली तर?"

प्रतीक्षाचा चेहरा उतरला. मीठसुद्धा माझ्या कणांना एकत्र आणते. पाटीच्या तळाशी घरच्यासाठी ठेवलेले, अळीने पोखरलेले, न धुतलेले एक दोडके होते. तिने ते तपासले.

तांबडे.

"या मावशींची भाजी चांगली आहे," ती उभी राहून म्हणाली. पुन्हा म्हणाली. गिऱ्हाइके तोवर पुढच्या पाट्यांवरची तुकतुकीत दोडकी निवडत होती. ती माझ्याकडे कोणी आणलीच नव्हती.

दुपारी चंद्रावती भरलेली पाटी डोक्यावर घेऊन बसकडे गेली. जाताना तिने ते पोखरलेले दोडके प्रतीक्षाच्या हातात ठेवले.

आता माझी काच धूसर झाली आहे, बॅटरी लवकर उतरते. तरी पुढच्या बाजारी मला पुन्हा मांडतील. तेव्हा एक विनंती आहे. माझा रंग जरूर पाहा. पण पाठ फिरवण्याआधी, पाटीमागे बसलेल्या बाईलाही काही विचारा. मला दोनच रंग येतात. प्रश्न विचारता येत नाही.