राजाचा किरीट

दशावतारी मंडळीत गुरुदासने राजाचा पार्ट बरीच वर्षं गाजवला होता. मग जामसंड्याचा काशीराम आला आणि मालक नानांनी किरीट त्याच्या डोक्यावर ठेवला. गुरुदासच्या वाट्याला प्रधान आला. काशीरामने तलवार उपसली की जत्रा टाळ्यांनी दणाणायची, आणि शेजारी हात जोडून उभा गुरुदास जळफळायचा. काशीरामची चाल, त्याचा आवाज, इतकंच काय, यजमानाकडे त्याच्या पानात पडणारी सुरमईची मोठी तुकडीसुद्धा त्याला खुपायची.

त्या साली रेडीच्या जत्रेआधी गॅसबत्ती भडकली आणि बत्त्या पेटवणाऱ्या विठोबाचे हात भाजले. "आता ह्येचो माका काय उपयोग?" म्हणत नानांनी त्याला कामावरून काढलं. बत्तीवाले आणि कपड्यांचे पेटारे वाहणारे गडी बिथरले. रेडीला पेटारे देवळात टेकवले आणि दिवेलागणीला सगळे गडी देवळाच्या वाटेत आडवे बसले. विठोबाला परत घेतल्याशिवाय बत्ती पेटणार नाही, कोणी आत जायचं नाही. हातांना फडकी गुंडाळलेला विठोबाही त्यांच्यात होता.

नट घुटमळले. काशीराम मात्र सरळ जाऊन विठोबाच्या शेजारी बसला.

"ह्येंका ओलांडून मी जावचंय नाय," तो म्हणाला.

नानांनी गुरुदासला बाजूला घेतलं. "देवळात समयो आसत, तेंच्या उजेडात नाटक होतला. किरीट आज तुझो."

जे गुरुदासने एवढी वर्षं मनात मागितलं, ते समोर चालून आलं होतं. तो निघाला. त्याला वाट द्यायला विठोबाने मुकाट्याने पाय आखडले.

तेवढ्यात गर्दीतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "बघ गो, काशीराम मातयेत बसलो तरी राजाच दिसता!"

गुरुदास जागच्या जागी थांबला. म्हणजे आपण किरीट घालून मिरवलो तरी आज राजा हाच! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तो मागे फिरला आणि काशीरामच्याही पुढे, सगळ्यांच्या नजरेत येईल असा बसला. विठोबाबद्दलची दया तेव्हा त्याच्या मनाला शिवलीही नव्हती.

तो बसला तसे बाकीचे नटही बसले. जत्रेकरू कुरकुरू लागले, तसे नाना नरमले. "ये बाबा विठोबा. हात बरे होईसर नुसतो सांगत ऱ्हव, दुसरे पेटवतले."

"गुरुदास, तू बसलंस म्हणान ह्या झाला," विठोबा म्हणाला. गुरुदासने मान वळवली.

रंग लावताना काशीरामने किरीट गुरुदासपुढे धरला. "आज तू घाल. हातातलो सोडलंस तू."

काशीरामने किरीट हिसकावून घेतला असता तर बरं, असं गुरुदासला वाटलं. त्याच्या हातून मिळालेला राजा त्याला नको होता. "ठेव तुझ्याकडेच," तो फणकारला आणि प्रधानाची पगडी चढवून बाहेर पडला.

हंगाम संपताच त्याने मंडळी सोडली. दुसरीकडे त्याला राजाचा पार्ट मिळाला. पण वेंगुर्ल्याच्या बाजारात रेडीची गोष्ट निघाली की लोक काशीरामचंच नाव घेत. मीही बसलो होतो, हे शब्द गुरुदासच्या ओठांवर येत. मग कोणी विचारलं असतं, कशाक बसलंस? ते शब्द गिळून तो तिथून उठे.