एका वाक्यापुरतं हॉटेल

हिमेजी शहरात स्वस्तात पोट कुठे भरतं हे कोणाला विचारायचं असेल, तर त्याने कुसाकाबे तेरुहिकोंना विचारावं. न विचारताही ते सांगतातच. बायको जाऊन अकरा वर्षं झाली, निवृत्त होऊन सहा, आणि या सहा वर्षांत त्यांच्या गॅसवर चहापलीकडे काही चढलं असेल तर ते चुकून. कुठल्या साखळी हॉटेलात बीफ-भाताबरोबर मिसो सूप आपसूक येतं आणि कुठे वेगळं मागावं लागतं, कुणाचं लाल आलं जास्त आंबट, उदोन म्हणजे जाड शेवयांच्या कुठल्या दुकानात कांद्याची पात हवी तेवढी घेता येते, सगळं तोंडपाठ. एवढा अभ्यास शाळेत केला असता तर नळाच्या कंपनीत अडतीस वर्षं घासावी लागली नसती, असं त्यांचा मित्र नागुरा म्हणतो. नागुरा निवृत्त न्हावी आहे. गिऱ्हाइकाची मान हातात असताना बोलायची त्याला सवय होती. दुकान बंद झालं, पण ती सवय काही गेली नाही.

मंगळवारी कुसाकाबेंच्या मुलीचा फोन आला. चिसातो, एकुलती एक, कानाझावाला असते. पुढच्या शुक्रवारी ऑफिसच्या कामाने हिरोशिमाला चालली आहे, वाटेत दीड तास हिमेजीला उतरते, कुठेतरी जेवू, म्हणाली. कुठेही चालेल. दोन वर्षांतला हा तिचा चौथा फोन. आधीचे दोन नववर्षाचे आणि एक वादळानंतर छप्पर जागेवर आहे ना, हे विचारणारा.

कुसाकाबेंना तिला एक वाक्य सांगायचं होतं. तुझ्या लग्नाला मी यायला हवं होतं. बस, एवढंच. शेजारच्या कुत्र्याला रोज दोनदा नमस्कार करणाऱ्या माणसाला हे जड जाऊ नये, पण दोन वर्षं ते घशातच अडकून होतं.

झालं होतं असं. लग्न कानाझावाला ठरलं. छापील निमंत्रण आलं, सोबत ‘येणार’ किंवा ‘येणार नाही’ यावर गोल करून परत पाठवायचं उत्तराचं कार्ड. त्याआधी चिसातोने फोनवर म्हटलं होतं, लांब आहे, तुमचे गुडघे दुखतात, उगाच ओढाताण करून घेऊ नका. असं प्रत्येक मुलगी म्हणते आणि ते ऐकून प्रत्येक बाप गाडीचं वेळापत्रक काढतो. पण कुसाकाबे साधे बाप नव्हते. कंपनीत अडतीस वर्षं त्यांनी लोकांची लग्नं आणि मयतं सांभाळली होती. तारेचा मजकूर, फुलांच्या चक्राचा आकार, कोणाला कोणाशेजारी बसवायचं, या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी कार्ड घेतलं. उत्तर देणाऱ्याने कार्डावर स्वतःबद्दल छापलेला मानाचा शब्द नम्रपणे खोडायचा असतो, तो पट्टी लावून दोन सरळ रेघांनी खोडला. ‘येणार नाही’वर सुबक गोल केला, कडेला वळणदार अक्षरात अभिनंदन लिहिलं आणि त्याच दिवशी टपालात टाकलं. कुठल्याही बापाने पोटच्या मुलीला इतका बिनचूक नकार आजवर पाठवला नसेल.

तिला आपला त्रास नको म्हणून ते गेले नाहीत. त्यांना त्रास नको म्हणून तिने पुन्हा विचारलं नाही. दोघांनी एकमेकांचा इतका विचार केला की बोलणंच बंद झालं.

आता शुक्रवार हातात होता आणि प्रश्न होता जागेचा. शहाण्या माणसाने आधी धीर शोधला असता. कुसाकाबेंनी हॉटेल शोधायला घेतलं. कुठल्या साखळीत हे वाक्य नीट बोलता येईल, याची रीतसर पाहणी करायची त्यांनी ठरवलं आणि मुलीच्या जागी बसायला नागुराला धरलं. जेवण कुसाकाबेंकडून असल्यामुळे नागुरा मुलगी व्हायला लगेच तयार झाला.

पहिल्या दिवशी ‘पापा लुका’. इटालियन म्हणवणारं, इटलीने कधी न ऐकलेलं फॅमिली रेस्टॉरंट. मऊ बाकं, उंच पाठी, कोपऱ्यात शाळेच्या मुली आणि त्यांच्यामागे सकाळपासून एकाच कपावर बसलेल्या चार आजीबाई. इथे एकदा पैसे भरले की पेयं कितीही घ्या, स्वतः उठून. हीच तर मेख होती. कुसाकाबेंनी घसा साफ केला की नागुरा मेलन सोडा आणायला उठे. परत आला की यांचा घसा पुन्हा साफ होई आणि तो आता कोको आणायला जाई. शेवटी एकदा तो बसलेला असताना “तुझ्या लग्नाला” इथपर्यंत गाडी आली, तेवढ्यात मांजराच्या तोंडाचा यंत्रमानव टेबलाशी येऊन उभा राहिला आणि, भात गरम आहे हं, म्याव, म्हणाला. त्याच्या डोक्यावर थोपटल्याशिवाय तो जाईना. कुसाकाबेंनी थोपटलं.

दुसऱ्या दिवशी ‘नामिनोको’, फिरत्या पट्ट्याचं सुशीचं दुकान. मासा पापा लुकाच्या कोळंबीपेक्षा बरा, भात जरा गोड, हा निकाल कुसाकाबेंनी पहिल्या घासातच दिला. पण तिथे समोरचा पडदा बोलतो. तुमची मागणी येत आहे, तुमची मागणी आली, तुमची मागणी उचला. पोटच्या मुलीने केली नसेल एवढी विचारपूस तो करतो. आणि पाच ताटल्या रिकाम्या झाल्या की त्याच्यावर सोडत निघते. कुसाकाबेंनी डोळे मिटून एका दमात वाक्य म्हटलं, अगदी पूर्ण म्हटलं, आणि त्याच क्षणी पडदा हरल्याची धून वाजवून म्हणाला, अरेरे, पुन्हा प्रयत्न करा. नागुराला हसून हसून ठसका लागला.

तिसऱ्या दिवशी उदोन. ‘कामाहाची’त ताट घेऊन रांगेने सरकायचं, तळलेलं स्वतः उचलायचं, मिळेल त्या लांब बाकावर बसायचं. रश्शाला इथे तोड नाही, हे कुसाकाबे शपथेवर सांगतात. त्या रश्शाच्या वाफेने त्यांचा चष्मा धुरकटला. चारी बाजूंनी लोक भुरके मारत होते आणि त्या गोंगाटात त्यांना एकाएकी धीर आला. आपल्याला कोणी ऐकत नाही म्हटल्यावर सज्जनांना येतो तसला. त्यांनी समोर बघून वाक्य स्पष्ट म्हटलं. चष्मा पुसून घातला तर नागुरा पात आणायला गेलेला, आणि त्याच्या जागेशेजारी एक टाय लावलेला अनोळखी गृहस्थ ताट धरून उभा. तो कमरेत वाकून म्हणाला की हरकत नाही, आमचं लग्न अगदीच घरगुती झालं.

चौथं, स्टेशनातलं बीफ-भाताचं ‘आकाउशी’, कुसाकाबेंनी न बघताच बाद केलं. तिथे ते आठवड्यातून तीनदा जातात. सलग काउंटर, एकमेकांच्या खांद्याला खांदा, समोर तोंडाऐवजी सॉसच्या बाटल्या.

“तू खायला जागा शोधतोयस की पळायला?” ‘कामाहाची’तून बाहेर पडताना नागुराने विचारलं.

कुसाकाबे म्हणाले की प्रत्येक गोष्टीला योग्य जागा लागते.

“अरे, चाळीस वर्षं मी लोकांच्या गळ्याशी वस्तरा धरून त्यांच्या बायकांच्या भानगडी ऐकल्या. कुणी जागा बघितली नाही. ज्याला बोलायचंय तो साबणाच्या फेसातूनही बोलतो.”

कुसाकाबेंना हे लागलं. पण न्हाव्याचं काय ऐकायचं, असं मनाशी म्हणत त्यांनी पापा लुकाच मुक्रर केलं. मागचं बाक, साडेअकराच्या आत, पेयांचा भाग रद्द. मांजराचं काय करायचं ते ऐनवेळी बघू.

शुक्रवारी चिसातो स्टेशनच्या फाटकातून बाहेर आली. सैल कोट, जरा भरलेला चेहरा. दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला, जरा जास्तच वाकून, जणू दोन कंपन्यांचे प्रतिनिधी भेटत होते. मग ती म्हणाली की बैठक अलीकडे ओढली आहे, पस्तीस मिनिटांनी निघावं लागेल, माफ करा. पापा लुका तिथून चालत पाऊण कोस. कुसाकाबे मनातल्या मनात बाक, मांजर, कोको सगळं आवरत होते, तोवर तिने समोरच्या ‘आकाउशी’च्या लाल पाटीकडे बोट केलं. “हेच बरं. तुम्ही इथेच खाता ना?”

नाही कसं म्हणणार? नेमकी जेवणाची वेळ, तरी दोन स्टुलं शेजारी शेजारी रिकामी झाली होती. कुसाकाबेंनी दारातल्या कुपनाच्या यंत्रावर बटणं दाबली आणि सवयीने वरून कच्च्या अंड्याचं बटणही दाबू लागले. “मला नको,” ती म्हणाली, “हल्ली कच्चं खात नाही.” लहानपणी दोन दोन अंडी फोडून घेणारी पोर. कुसाकाबेंनी तिला अंड्याशिवाय इथला भात कसा कोरडा लागतो आणि दुसऱ्या साखळीत कसा लागत नाही, हे सविस्तर समजावलं. का नको, हे विचारलं नाही. दुसऱ्याच्या खासगी गोष्टीत नाक खुपसू नये, असं ते अडतीस वर्षं नव्या नोकरदारांना शिकवत आले होते.

वाट्या आल्या. दोघांनी मान खाली घातली ती वर काढलीच नाही. सात मिनिटांत कुसाकाबेंची वाटी साफ, आणि बापाची लेक असल्याने तिचीही. ते हवेबद्दल बोलले. जावयाच्या नोकरीबद्दल ती बोलली. रश्शात कांदा आता पूर्वीसारखा पडत नाही, याबद्दल दोघंही बोलले. एवढ्यात मागे भिंतीला लागून सहा माणसं उभी राहिली, दिव्याच्या खांबासारखी गप्प.

अशा दुकानात कोणी उठा म्हणत नाही. म्हणावं लागत नाही. वाटी संपली की माणूस उठतो आणि पाठीमागच्याकडे न बघता निघतो. न उठणारा माणूस कुसाकाबेंनी आजवर इथे पाहिला नव्हता. चिसातोने पिशवी खांद्याला लावली.

“बस,” कुसाकाबे म्हणाले.

“बाबा, लोक थांबलेत.”

“थांबू देत.”

ती चमकून त्यांच्याकडे बघायला लागली. हा माणूस लिफ्टमध्ये सगळ्यांच्या शेवटी शिरतो आणि सगळ्यांच्या शेवटी उतरतो. स्वतःच्या बायकोच्या अंत्यविधीतसुद्धा याने भिक्षूला, आपल्याला उशीर तर होत नाही ना, असं विचारलं होतं. त्याची मान लाल झाली होती आणि दोन्ही हातांनी त्याने काउंटरची कड धरली होती.

“तुझ्या लग्नाला मी यायला हवं होतं,” ते सॉसच्या बाटलीला म्हणाले. मोठ्याने म्हणाले. शेजारच्याचा घास वाटेतच थांबला.

चिसातोने पिशवी मांडीवर घेतली.

“मग आला का नाहीत?”

“तू नको म्हणालीस.”

“मी काय म्हणतेय ते तुम्हाला कळत नव्हतं?”

कुसाकाबेंना आता खोटं बोलता आलं असतं. गुडघे होते, अंतर होतं, हवाही होती. मागे कोणीतरी जिभेने चुक् केलं आणि ते दोघांनीही ऐकलं.

“कळत होतं,” ते म्हणाले. “दिवसभर ते कार्ड समोर घेऊन बसलो होतो. आलो आणि तू ओशाळलीस तर काय, असं वाटलं. तुझ्या सासरच्यांपुढे मी काय बोललो असतो? मला नळांशिवाय काही येत नाही. भ्यालो मी.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला काउंटरवर जागा नव्हती. मग तिने हात लांबवून पाण्याचा जग ओढला. त्यांचा पेला काठोकाठ भरला, मग आपला. मागच्या सहाजणांनी ते पाहिलं आणि त्यातले दोघे निघून गेले.

“नोव्हेंबरमध्ये मला बाळ होणार आहे,” ती म्हणाली. “दवाखाना कानाझावालाच आहे. मी या वेळी आडून काही बोलणार नाही. तुम्ही या. आधी या, आणि लगेच परत जाऊ नका.”

तुमच्या घरात आधीच माणसं असतील, माझी अडचण होईल, मी आपला एखादं पार्सल पाठवून देतो, हे सगळं ओळीने, व्यवस्थित, मानाच्या शब्दांसकट कुसाकाबेंच्या जिभेवर आलं. ते त्यांनी पाण्याबरोबर गिळलं. पेला रिकामा होईपर्यंत गिळत राहिले.

“येतो,” ते म्हणाले.