नागावच्या वाळूवर रुंद टायर

विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या इंजिनिअराकडून डॉक्टर विश्वंभरांनी हिरवी मोटार घेतली ती १९३२ साली. तिच्यात दोनच माणसं बसत. आवाज असा की नारळावरचे कावळे उडावेत. रस्त्यावर ती तीरासारखी जायची, पण ओहोटीला किनाऱ्यावर नेली की अरुंद चाकं ओल्या वाळूत रुतायची. अलिबागचे वकील शिवदास एकदा हे पाहून हसले आणि म्हणाले, "डॉक्टर, हिच्यापेक्षा माझी सायकल बरी."

ते डॉक्टरांना लागलं. त्यांनी मुंबईहून रुंद टायर आणि त्यांना बसतील अशी नवी चाकं मागवली. फेब्रुवारीत ती शिडाच्या पडावातून आली.

चाकं बसवली धर्माने. धर्मा नागावचाच, पन्नाशीचा, आठ वर्षं मुंबईत मोटारी दुरुस्त करून परत आलेला. त्याच दिवशी ओहोटीला सगळे किनाऱ्यावर गेले. दोन काठ्या पुरल्या होत्या, मध्ये साधारण मैलभर अंतर. जुन्या चाकांवर गाडीला किती वेळ लागतो ते आदल्या दिवशी मोजलं होतं. आज डॉक्टरांच्या पत्नी गोदावरी शेजारी बसल्या, मनगटी घड्याळ हातात धरून. गाडी निघाली आणि वाळू जणू तिला धरेचना. दुसरी काठी मागे पडली तेव्हा गोदावरींनी काटा पाहिला आणि ओरडल्याच, "अहो, अकरा सेकंद कमी!"

डॉक्टरांनी घड्याळ हिसकावूनच घेतलं. धर्मा धावत आला.

"डॉक्टर, एक ऐका. टायर रुंद हाय, चाकाची बैठकही येगळी हाय. डावीकडं पुरतं वळवलंत तर टायर आतल्या दांडीला घासतो. वाळूवर सरळ चालवा, पन रस्त्यावर न्येऊ नका. उद्या मी दांडीचं बघतो."

"अकरा सेकंद, धर्मा!" डॉक्टर म्हणाले. "शिवदासाला आत्ताच दाखवतो."

गोदावरी उतरल्या नाहीत. चेहऱ्यावर वारा घेत त्याही हसत होत्या.

नागावातून बाहेर पडताना तळ्यापाशी रस्ता डावीकडे काटकोनात वळतो. डॉक्टरांनी वेग कमी केला, फार नाही. वळणाच्या कडेने मासे विकून परतणाऱ्या पाच-सहा कोळणी रिकाम्या टोपल्या घेऊन बोलत येत होत्या. डॉक्टरांनी स्टिअरिंग वळवलं. गाडी वळली, आणि वळतच राहिली.

"सरळ करा!" गोदावरी म्हणाल्या.

"होत नाही!"

त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगला उजवीकडे ओढत होते, दात आवळले होते, आणि स्टिअरिंग तसूभर हलत नव्हतं. खालून जळलेल्या रबराचा वास आला. कोळणी पांगल्या. एक मात्र तशीच उभी राहिली, जणू काय चाललंय ते तिला कळलंच नव्हतं. गोदावरींनी दोघांच्या मधला हातब्रेक दोन्ही हातांनी ओढला. गाडी आडवी घसरली, बाईला बाजूने धडकली आणि दगडी कुंपणावर जाऊन थांबली.

बाईची टोपली रस्त्यावरून गडगडत तळ्याच्या काठाला जाऊन पडली.

ती बाई सोनूबाई होती. दर सोमवारी डॉक्टरांच्या दारात बोंबील घेऊन यायची. ती पाठीवर पडली होती, डोळे सताड उघडे, तोंडातून शब्द नाही. उजवा हात कोपराच्या खाली नको तिथे वाकला होता. तिच्याबरोबरची चंद्राबाई तोंडावर पदर दाबून उभी होती.

गोदावरी गाडीतून उतरून तिच्याकडे धावल्या आणि त्यांनी मागे वळून पाहिलं. गेल्या पावसाळ्यात झाडावरून पडलेल्या माणसाचा पाय डॉक्टरांनी कंदिलाच्या उजेडात, हात जराही न थरथरता बसवला होता. तेच डॉक्टर आता रस्त्यात फतकल मारून बसले होते. ओठ पांढरे पडले होते.

"अहो, उठा. तिला बघा."

"मेली का?" ते एवढंच म्हणाले.

गोदावरींनी सोनूबाईच्या नाकाशी हात धरला. श्वास होता. त्यांनी शेजारच्या वाडीच्या कुडातल्या दोन बांबूच्या कामट्या उपटल्या आणि पदर फाडला. "कुठे धरू? काय करू? सांगा तरी!" त्या नवऱ्यावर ओरडल्या. उभ्या जन्मात त्या त्यांच्यावर ओरडल्या नव्हत्या. डॉक्टरांनी बसल्या जागेवरून, तुटक तुटक सांगितलं. शेवटी ते रांगत जवळ आले आणि हात पुढे केला. तेव्हा सोनूबाई पहिल्यांदा बोलली.

"तुमी नगा. बायनंच बांधूदे."

संध्याकाळी धर्माने गाडी बैलांनी ओढून आणली आणि अंगणात उभी केली. चाक डावीकडे वळवून दाखवलं. टायरच्या आतल्या बाजूला दांडीने खोल चर पाडला होता; त्यातच चाक अडकलं होतं.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?" डॉक्टर म्हणाले.

धर्मा म्हणाला, "किनाऱ्यावर सांगितलं हुतं. तुमी घड्याळ बघत हुता."

डॉक्टरांना खरोखरच आठवत नव्हतं. ते आठवायचा प्रयत्न करताहेत हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मी ऐकलं होतं," गोदावरी म्हणाल्या. "शब्द न् शब्द ऐकला होता. पण मलाही मजा वाटत होती."

डॉक्टरांनी मान वर केली. रागावतील असं वाटलं, पण ते नुसते बघत राहिले, जणू बायको त्यांना आजच दिसली होती. धर्मा पाना घेऊन चाक सोडवायला बसला.

पुढचे सहा आठवडे गोदावरी रोज चालत कोळीवाड्यात जात होत्या. डॉक्टर बाहेर, जाळ्यांच्या ढिगाशी उभे राहत. कामट्या सोडायच्या दिवशी मात्र ते आत आले. त्यांचा हात इतका थरथरत होता की कात्री कापडाला लागेना.

सोनूबाईने थोडा वेळ ते पाहिलं. मग डाव्या हाताने त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, "हां, आता कापा."