कादंबरीतला बाप

मराठी पुस्तक उघडलं की शीर्षकामागच्या पानावर लेखकाचा पत्ता आणि मोबाईल नंबर छापलेला असतो. माझाही छापला. लुंबिनी नरसिंग वाघमारे, बिलोली. सात वर्षं पुण्याहून माझी हस्तलिखितं साभार परत येत होती, म्हणून त्या पानाचा फोटो काढून मी सगळ्या नात्यागोत्यात पाठवला. फोन यायचे ते निवृत्त मास्तरांचे. कुणी शुद्धलेखनाच्या चुका काढायचं, कुणी आपल्या कवितासंग्रहाला प्रस्तावना मागायचं. ज्या पोरांसाठी लिहिलं त्यांचा काही फोन येत नव्हता. त्यांना कुठला वेळ?

कादंबरीचं नाव 'शेवटून तिसरी'. लातूरला नीटच्या क्लासला घातलेली एक मुलगी दर रविवारच्या टेस्टमध्ये खाली खाली घसरते आणि एक दिवस ट्रंक उचलून एसटीनं घरी येते. ती मुलगी मीच. माझ्या वेळी नीटच्या जागी सीईटी होती, एवढाच फरक. माझे वडील पाटबंधारे खात्यात क्लार्क. लेक डॉक्टर होणार असं त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलेलं. मी बारावीतून परत आले आणि ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. चार वर्षं, एका घरात राहून. दवाखान्यात शेवटच्या दिवशीसुद्धा आईला म्हणाले, "तिला सांग, पाणी आण." मी उशाशीच उभी होते.

आधी मी तसंच लिहिलं होतं. आमचे प्रकाशक राजशेखर सर लातूरचे. ते म्हणाले, "मॅडम, किशोर कादंबरी हाय ही. शेवट गोड पाहिजे. असलं रडकं शाळेच्या ग्रंथालयात कोण घेईल?" चार दिवस मी धुसफुसले. पाचव्या दिवशी, मी शिकवते त्या शाळेत, मधल्या सुट्टीत बसून नवा शेवट लिहिला. बाप स्टँडवर घ्यायला येतो, ट्रंक आपल्या खांद्यावर घेतो आणि म्हणतो, "आलीस, लई बरं झालं. घर खायला उठत होतं." लिहिताना मी ढसाढसा रडले. मला तो बाप हवा होता, दुसरं काय.

डिसेंबरात अक्षरा नावाच्या मुलीचा फोन आला. लातूरच्या होस्टेलवरून, मेसच्या मावशींचा फोन मागून घेऊन. "मॅडम, मी लोह्याची. तुमचं पुस्तक फिजिक्सच्या नोट्सचं कव्हर घालून वाचलं. आमच्या खोलीतल्या चौघींनी वाचलं." मी अशी हरखले की माझा वर्ग आत गोंधळ घालून राहिलाय याचीही शुद्ध नाही. मग ती म्हणाली, "एक विचारू का? त्यातले पप्पा खरे हायत का?"

"हाव," मी म्हणाले. "खरेच हायत. माझेच वडील."

जीभ झडली नाही माझी. पहिली खरी वाचक ती, तिच्यापुढं मला बिनबापाची दिसायचं नव्हतं.  मग "थँक्यू मॅडम" म्हणून तिनं फोन ठेवला. ती का विचारतेय, हे मी विचारलं नाही. वर्गात जाऊन पोरांना रागावले आणि दिवसभर खुशीत होते.

जानेवारीत तिच्या आईच्या फोनवरून मेसेज आला. "मॅडम मी क्लास सोडून घरी आले. पप्पा म्हणतात शिकायचं नाही तर लग्न. मार्चमध्ये अठरा पूर्ण होतात. तुम्ही या."

मी राजशेखर सरांना फोन लावला. घर त्यांच्या ओळखीतलं निघालं. म्हटलं, सोबत चला, तुमचं ऐकतील. ते म्हणाले, "दुसरी आवृत्ती छपाईला गेली हाय, मॅडम. लेखकानं लिहावं. लोकांच्या चुलीपर्यंत जाऊ नये." मी त्यांना नाही नाही ते बोलले. फोन ठेवल्यावर मात्र ध्यानात आलं, गोड शेवट त्यांनी मागितला होता, पण 'हाव' मी म्हणाले होते.

रविवारी नांदेडमार्गे लोह्याला गेले. अक्षराचे वडील शिवमूर्ती यांचं बी-बियाणांचं दुकान, वर घर. कपाळावर विभूती, आवाज मऊ. मी भांडायच्या तयारीनं गेलेली आणि त्यांनी उठून खुर्ची दिली. आई नीलम्मानं चहा आणला. अक्षरा भिंतीला टेकून उभी होती. फोनवरच्या आवाजावरून वाटली होती त्याहून लहान दिसत होती. मला बघून तिचा चेहरा उजळला. आता मॅडम आल्या, आता सगळं होईल, असं सरळ दिसत होतं त्यात.

"पुस्तक वाचलं मी तुमचं," शिवमूर्ती म्हणाले. "एका बैठकीत. शेवटाला डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू."

मला वाटलं, जमलं. म्हटलं, "अप्पा, मग तसंच करा की. डॉक्टर न्हाई तर दुसरं काही शिकंल. हुशार हाय ती."

"पोरगी म्हणते, ते तुमचेच वडील." ते माझ्याकडं बघत राहिले. "खरंच घेतलं का त्यांनी तुम्हाला असं, परत?"

पुन्हा 'हाव' म्हणता आलं असतं. पण ते अगदी माझ्या वडिलांसारखे बसले होते, हात मांडीवर ठेवून, आणि मला वाटलं, या माणसाला खरं सांगितलं तर पाझर फुटेल. मी म्हणाले, "न्हाई. माझे वडील चार वर्षं माझ्याशी बोलले न्हाईत. न बोलताच गेले. अजून जळतं आतून, अप्पा. तुम्ही लेकीला असं करू नका."

नीलम्मानं पदर तोंडाला लावला. 

"पण तुम्ही मास्तरीण झालात," शिवमूर्ती म्हणाले. "पुस्तक लिहिलंत. वडलांनी लाड केले असते तर झालं असतं का एवढं? त्यांनी बरोबरच केलं, मॅडम. आणि मी काय पोरीशी बोलणं सोडलं न्हाई. चांगलं घर बघून राहिलो. अठरा झाल्यावरच करणार, कायदा कळतो आम्हाला."

 माझं दुःख मीच त्यांच्या हातात दिलं होतं आणि त्यांनी ते आपल्या बाजूनं वापरलं.

अक्षरा रडली नाही. माझ्याकडं बघत म्हणाली, "मी घरी यावं का न्हाई, हेच विचारायला फोन केला होता मॅडम. मे महिन्यातल्या नीटपर्यंत कसंतरी ओढलं असतं मी."

"अक्षरा, माझं चुकलं," मी म्हणाले. "लई चुकलं."

तिनं मान हलवली, एखाद्या मोठ्या बाईनं हलवावी तशी. मग वडिलांकडं वळली. "पप्पा, तुम्ही ठरवा तारीख," एवढं म्हणाली आणि कपबशा गोळा करून आत गेली.

मी तिच्यामागं जायला उठले, तर नीलम्मा दारात आडवी उभी राहिली.

"आता बस करा, मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमच्याच्यानं हुईल तेवढं झालं."