पाणी शिरलंय

आमच्या धंद्यात बिघाड सापडला नाही की एक वाक्य तयार असतं. "पाणी शिरलंय." मोबाइल असो, रिमोट असो, गेमचं मशीन असो. एवढं म्हटलं की गिऱ्हाईक मान खाली घालतं, आणि घरी कुणी सांडलं असेल याचा हिशेब लावत निघून जातं. नाचता येईना अंगण वाकडं, तसं आम्हाला जमेना की पाणी. मी हे ज्यांच्या हाताखाली होतो त्या उस्तादांच्या दुकानात शिकलो. तेव्हापासून किती जणांना सांगितलं याची गणती नाही, आणि खरं सांगायचं तर त्यापायी कधी झोपही उडाली नव्हती.

माझं नाव सिद्धोधन. परभणीत स्टेशनजवळ माझं दुकान आहे. गेमच्या जुन्या मशीनचं काम आता या भागात माझ्याशिवाय फारसं कुणी करत नाही. बँकेत साहेब झालेले, मास्तर झालेले लोक माळ्यावरून आपलं लहानपण काढून आणतात आणि म्हणतात, "एवढं चालू करून द्या." त्यातल्या निम्म्या मशीनमध्ये चिप असते. या मशीनला कंपनीचीच सीडी लागायची, आणि ती इकडं मिळायची कुठं? म्हणून आम्ही आत आठ पायांची एक बारकी चिप बसवायचो. चिप मशीनला सांगायची की सीडी अस्सल आहे, मग कॉपी केलेली सीडीसुद्धा बिनबोभाट चालायची.

जून महिन्यात एका सकाळी सोनपेठकडून एक बाई आल्या. वय पस्तिशीचं. जुन्या ओढणीत गुंडाळलेलं करडं मशीन त्यांनी काउंटरवर असं ठेवलं, की जणू आत अंडी आहेत.

"भाऊ, पाणी गेलेलं मशीन हाय. बावीस वरसं झाली. व्हईल का?"

मी म्हणालो, उघडल्याशिवाय काय सांगणार. नाव विचारलं. शिवकन्या.

मी स्क्रू काढायला लागलो आणि त्या न विचारताच सांगायला लागल्या. मशीन त्यांच्या मामानं भिवंडीहून आणलेलं, थोरल्या भावासाठी, रामप्रसादसाठी. पण खेळायच्या ह्या जास्त. तेरा वर्षांच्या होत्या. घरातली बॅटरी, रेडिओ, सगळं उघडून बघायचा नाद होता. मशीन एक दिवस बंद पडलं. वडील आणि भाऊ परभणीला घेऊन आले. दुकानदारानं सांगितलं, पाणी शिरलंय, आता टाकून द्या.

"त्या दिवशी त्या खोलीतून कळशी मीच नेली व्हती. दुसरं कोण असंल? बाबानं लय मारलं. मार काय, विसरतो माणूस. पण मग सगळेच म्हणायले, हिच्या हाताला मशीन लाभत न्हाई. पांढऱ्या पायाची हाय म्हणून. धाव्वीला बरे मार्क पडले. आयटीआयला जाते म्हणलं, तर बाबा म्हणले, एक मशीन खाल्लंस ते बास झालं. मग लगीन."

मी झाकण उचललं. झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहिलं होतं, "सि. १२-११-०३". अक्षर माझं.

आम्ही तेव्हा प्रत्येक कामावर तारीख घालायचो. उस्तादांनी मला एकट्यानं चिप बसवायला दिलेल्या पहिल्या दहा-बारा मशीनांपैकी हे एक. मी एकोणीस वर्षांचा होतो. दोन महिन्यांनी ते परत आलं तेव्हा उस्ताद नमाजाला गेले होते. फेटेवाला बाप आणि मिसरूड फुटलेला पोरगा समोर उभे होते. मी वरचं झाकण काढून नुसतं डोकावलं, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. उस्तादांपुढं माझं काम उघडं पडायला नको, एवढीच भीती होती. उस्तादांना मी ते दाखवलंसुद्धा नाही.

आता भिंग लावून बघितलं. पाणी गेलेल्या बोर्डावर हिरवट बुरशी धरते, सोल्डरचे टाके काळे पडतात. हा बोर्ड स्वच्छ होता. चिपला वीज देणारी लाल वायर मी बोर्ड झाकणाऱ्या पत्र्याच्या कडेखालून नेली होती. वरून स्क्रू आवळल्यावर पत्रा तिच्यावर दाबला गेला होता. हळूहळू वायरचं कातडं कापलं, वीज पत्र्याला भिडली आणि तांदळाच्या कणीएवढा फ्यूज उडाला. शिकाऊ पोराची चूक. उघडून दोन मिनिटं नीट बघितलं असतं तर तेव्हाच सापडली असती.

ही बाई मला ओळखत नव्हती. उस्तादांचं दुकान केव्हाच गेलं, ते स्वतःही गेले. मी ठरवलं, गुपचूप दुरुस्त करून द्यायचं. जुनं उकरून काय मिळणार? असं मी स्वतःला सांगितलं, आणि मला ते पटलंही. नवी वायर कडेपासून लांब नेली, फ्यूज बदलला. मशीन लावलं. टीव्हीवर चित्र आलं.

शिवकन्याबाईंनी पदर तोंडाला लावला. "निघालं का पाणी?"

"निघालं," मी म्हणालो. पुन्हा तेच. इतक्या सहज निघालं तोंडातून.

"बरं झालं बाई. दादाला नेऊन देते. माझ्याकडून गेलं, माझ्याकडून आलं. डोक्यावरचं वझं तरी उतरलं." मग ओढणीची घडी घालत म्हणाल्या, "आता पोरीचं तेवढं निस्तरलं की झालं. सृष्टी. पॉलिटेक्निकला जाते म्हणायली, इलेक्ट्रॉनिक्सला. फॉर्म आणून ठेवलाय, उद्या शेवटची तारीख. मी न्हाई म्हणून सांगितलं. दोन दिस झाले जेवली न्हाई. पण माझंच रगत हाय ना भाऊ. आमच्या हाताला मशीन लाभत न्हाई. उद्या कुठं काई जळलं, करंट बसला, तर? मी तर घरचा मिक्सर बी लावत न्हाई, मालकाला लावायला सांगते."

माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला गेला. लाज वाटली म्हणणं फार सोपं आहे. मला माझी किळस आली.

"ताई," मी म्हणालो, "यात पाणी कधीच गेलं नव्हतं."

"गेलं व्हतं."

"नव्हतं. ही वायर मी चुकीची लावली होती. तुमच्या बाबांना पाणी म्हणून सांगणारा मीच. खोटं सांगितलं."

त्या चिडून म्हणाल्या, "तुमी उगं माझी समजूत काढायलाव. मला चांगलं आठवतंय. कळशी हिंदकळली. मशीनवर शिंतोडे उडले. मी पदरानं, नव्हं, फ्रॉकानं पुसलं."

"पुसलं असेल. आत गेलं नाही."

मी झाकण पुन्हा काढून बोर्ड त्यांच्यापुढं धरला, भिंग हातात दिलं. शेजारी पाणी गेलेला दुसरा एक बोर्ड ठेवला, हिरवा पडलेला. कापलेली जुनी लाल वायर पत्र्याच्या कडेखाली धरून दाखवली, झाकणावरची तारीख दाखवली. त्यांनी खूप वेळ बघितलं. उगाच बघणाऱ्याचं बघणं नव्हतं ते. वायर कुठून निघते, कुठं जाते, पत्रा कुठं टेकतो, हे त्या बोटानं हवेत गिरवत होत्या. मग म्हणाल्या, "स्क्रू आवळला की हितं दबणार." मी न सांगता.

"हो."

"कळशी हिंदकळली का न्हाई, ते बी मला आता सांगता येईना," त्या अगदी हळू म्हणाल्या.

त्यांनी भावाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मी ऐकावं म्हणून असेल.

"दादा, ते गेमचं मशीन. त्यात पाणी गेलंच न्हवतं."

"कोणतं मशीन?"

"मामानं आणलेलं."

"आगं ते व्हय! माझ्या तर ध्यानात बी न्हाई." रामप्रसाद हसला. "घर झाडताना सापडलं म्हणून तुझ्याकडं दिलं. टाकून दे म्हणलं व्हतं ना?"

"दादा, मी सांडलं न्हवतं."

"बरं मग?" तो म्हणाला.

त्यांनी फोन बंद केला. रडतील असं मला वाटलं, पण रडल्या नाहीत. मी माफी मागितली. त्यांनी ती घेतलीही नाही आणि परतही केली नाही. नुसतं ऐकलं आणि दुसरा नंबर लावला.

"सृष्टे, फॉर्म भरून टाक. हो, तोच, इलेक्ट्रॉनिक्सचा. आत्ताच भर, उद्याची वाट बघू नको."

पलीकडून पोरीनं काहीतरी विचारलं.

"नको म्हणले व्हते, खरं हाय. मला एका माणसानं खोटं सांगितलं व्हतं, तेच मी तुला सांगितलं."

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मला थोडं सोपं गेलं असतं.