शेपटीकडची जागा

माझा भाऊ ओस्ताप अंगाने लहानखुरा. डॉफिन गावाजवळच्या आमच्या शेतांवरून रानबदकं जायला लागली की थोराड गडी आधी त्याची टिंगल करायचे आणि मग त्याने पाडलेली बदकं गोळा करत त्याच्याच मागून चालायचे. लढाई लागल्यावर हवाईदलाने त्याला बॉम्बफेकी विमानाच्या अगदी शेपटीत, काचेच्या खोपट्यात बसवलं. चार मशीनगन आणि तो. धिप्पाड माणूस तिथे मावतच नाही.

इंग्लंडला जाण्याआधी तो सुट्टीवर आला, तेव्हा तातो, म्हणजे आमचे वडील, जेवताना म्हणाले, "शेपटीला बसून काय करणार? माश्या हाकणार?"

"तेच काम आहे, तातो. मागून येणाऱ्या माश्या."

"निदान चालवणाऱ्याच्या शेजारी तरी बस."

"त्याला उंची लागते. ती तुम्ही दिली कुठे?"

तातो हसले. आई मात्र हसली नाही. तिने त्याच्या ताटात आणखी पिरोही, बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, वाढली.

चव्वेचाळीसच्या मार्चमध्ये तार आली. त्याला तिकडेच पुरलं होतं.

लढाई संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याचा वैमानिक आमच्या दारात आला. कॅल्विन रेडफर्न, देशाच्या पार पूर्व टोकाच्या नोव्हा स्कोशियाचा. आईला युक्रेनीशिवाय काही येत नव्हतं, म्हणून मी मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होते.

"त्याला काही कळलंसुद्धा नाही," तो म्हणाला. "एका क्षणात गेला."

आई त्याच्याकडे बघत राहिली. "याला सांग, मी याआधी दोन लेकरं पुरलीत. खरं काय ते बोल म्हणावं, मग जेवायला वाढते."

मग तो बोलला. शत्रूचं विमान मागून आलं. ओस्तापने ते पाडलं, पण त्याच्या पायांना गोळ्या लागल्या, काच फुटली. त्याच्यापर्यंत जायचं दार वाकून बसलं. विमानातल्या दोघांनी कुऱ्हाडीने घाव घातले, तरी उघडेना. इतक्या उंचावर हाडं गोठतात.

"मी विमान खाली आणलं असतं तर थोडी ऊब मिळाली असती. पण खाली तोफा होत्या, आणि आम्ही सहा जण होतो. कानाला लावलेल्या यंत्रातून त्याचा आवाज येत होता. आधी म्हणाला, मी ठीक आहे, चला तुम्ही. मग तुमच्या भाषेत एकच शब्द. झिमनो. झिमनो. परतताना समुद्र लागेपर्यंत. काय अर्थ त्याचा?"

झिमनो म्हणजे थंडी वाजतेय.

तातो उठले आणि गोठ्याकडे निघून गेले. आईला तो शब्द मी सांगायची गरजच नव्हती.

"सांग त्याला," ती म्हणाली, "बाळाला निजवायचं गाणं आहे ते. मी म्हणायचे त्याच्यासाठी."

मी सांगितलं. कॅल्विनने टेबलावर डोकं टेकलं आणि तो हमसून रडला. सावरल्यावर त्याने विचारलं, "चाल कशी आहे?"

असलं गाणंच नव्हतं. आईने पदराशी चाळा करावा तसा ॲप्रनचा काठ चुरगाळला, आणि बसल्याजागी चाल जुळवून हळूच म्हणाली, झिमनो, झिमनो. दोनदा. मग उठून त्याला पोटभर जेवू घातलं.

तो गेल्यावर मी तातोंना गाण्याचं सांगितलं. त्यांनी आईला विचारलं, "खोटं का सांगितलंस?"

"आपला तर गेलाच. हा अजून जगायचाय."

दोन वर्षांनी नाताळात कॅल्विनचं पत्र आलं. त्याला मुलगी झाली होती. ती झोपेना की तो तेच गाणं म्हणत होता. मी वाचून दाखवलं तशी आई उठली आणि आधीच रसरसलेल्या चुलीत लाकडं सारत राहिली. तातोंनी तिचा हात धरला, तेव्हा कुठे थांबली.